पोलीस पाटलाच्या घरचं मडकं

"बाई, पाणीही शंभर डिग्री, वाफही शंभर डिग्री. मग वाफेत जास्तीची उष्णता कुठून आली? पुस्तकच चूक आहे."

दिलीपनं पुस्तक आपटलं. हा आमच्या पोलीस पाटलाचा पोरगा. तो आणि दोन लेकरांची माय मी, दोघंही बाहेरून मॅट्रिकला बसलो होतो. पेपर दुसऱ्या दिवशी होता. या खेपेला नापास झाला तर बाप त्याला राजुऱ्याच्या खाणीत धाडणार होता, तरी साहेब पुस्तकालाच अक्कल शिकवून राह्यले होते.

मी म्हटलं, "मोहाची दारू गाळतात तेव्हा वरच्या मडक्यात गार पाणी ठेवतात. खालची वाफ त्याले लागली का दारू होऊन गळते. मग वरचं पाणी काऊन तापते?"

"मले काय माहीत? आमच्या घरी असले धंदे नसतात."

"मग गारच राहत असंन."

"कसं राहीन? घडीघडी बदलावं लागते, नाई तर थेंबही गळत नाई."

एवढं बोलून त्यानं जीभ चावली.

"पाण्याची वाफ होताना चुलीतून घेतलेली जास्तीची उष्णता वाफ पुन्हा पातळ होताना सोडते, तिनंच ते वरचं पाणी तापते," मी म्हटलं. "उद्या पेपरात हेच लिही, फक्त मडकं तुह्या बापाचं आहे ते लिहू नको."