डाव्या गुडघ्याची वाटी

...आणि वर मलाच विचारतात, ‘एका हाडानं काय अडतं गं?’ अडतं! माझं वर्ष अडतं! तुम्हाला सांगते, फिजिओथेरपीचं पहिलं वर्ष, सकाळी अकराला तोंडी परीक्षा, आणि कॉलेजचा नियम असा की अभ्यासाला घरी नेलेली प्लास्टिकच्या हाडांची पेटी आधी मोजून परत करायची, मगच परीक्षकांपुढे बसायचं. हाडं दोनशे सहा. मी नऊला मोजली, दोनशे पाच. पुन्हा मोजली... दोनशे पाच! डाव्या गुडघ्याची वाटी गायब!

घरात कोण? आत्या आणि आजोबा. आत्या आठ दिवस कवटीवर टॉवेल टाकतेय. ‘बघते गं ती माझ्याकडे!’ अगं, तिला डोळे कुठेत? ‘म्हणून तर टक लावून बघते!’ घ्या! म्हटलं, आत्या, हाड पाहिलंस? ‘मी कशाला हात लावतेय? आणि दोनशे आहेत ना? एका हाडानं काय अडतं?’ अगं, एक मणका दुखावला तर माणूस पंधरा दिवस आडवा! चोवीस बरगड्यांतली एक मोडू दे, शिंकताना पूर्वज दिसतात!

आजोबांना विचारलं. आता कानात तीन-तीन हाडं असतात, अख्ख्या शरीरातली सगळ्यात चिमुकली, पण आजोबांच्या हाडांना ऐकायचं काम कुणी सांगितलेलंच नाही! ‘अं?’ म्हणाले आणि शब्दकोड्यात परत डोकं.

मग काय, मी माझ्या स्वतःच्या दोन्ही वाट्या फरशीवर घासत पलंगाखाली, कपाटाखाली, चपलांच्या खोक्यात... साडेनऊ, पावणेदहा... रांगत टेबलाखाली शिरले आणि थबकले. वर्षानुवर्षं डुगडुगणारं टेबल... स्थिर! पायाखाली काय? माझी वाटी!

‘आजोबाऽऽ!’

हे मात्र ऐकू आलं! ‘अगं, पुठ्ठा दबतो, ही दबत नाही. बरोब्बर जाडीची आहे. थांब, चहा सांडेल!’

सांडला. मी धावले. पेटी दिली, दोनशे सहा, सही झाली, परीक्षकांपुढे बसले. आणि त्यांनी पेटीतून उचललं काय? तीच! पाठीवर टेबलाच्या पायाचा गोल वळ! ‘हिचं काम काय?’

मला येत होतं हो! मांडीच्या स्नायूला टेकू देते, पाय सरळ करायचा जोर वाढवते, सांध्यापुढे ढाल होते... सगळं पाठ! आणि तोंडातून निघालं काय?

‘टेबल डुगडुगू नये म्हणून.’

त्यांनी चष्मा काढला. पुसला. ‘पुढच्या महिन्यात या.’

घरी येऊन रडत सांगितलं, तर आजोबा म्हणतात, ‘मग चुकलं कुठं? आठ दिवस चोख काम केलं तिनं!’ आत्या म्हणते, ‘एकच तर प्रश्न चुकला!’ आहे का काही बोलायची सोय?

आता फेरपरीक्षा, म्हणून पेटी पुन्हा घरी. अजून खाली ठेवली नव्हती, आजोबांनी हात पुढे केला. ‘डावी दे हं. उजवी लावून पाहिली होती मी. डुगडुगतं.’

दिली! काय करता? एका हाडानं काय अडतं!