भुताचा तुटका दात

दंतवैद्याकडे माझ्या शेजारी बसलेल्या बाईंचा पुढचा दात फुटक्या काचेसारखा तिरपा तुटला होता. सोबत त्यांचा धाकटा भाऊ होता.

"ताई, दात इतक्यात बसवू नकोस. माझ्या सिनेमातला तुझा भुताचा शेवटचा सीन राहिलाय."

"तुझ्याच कॅमेऱ्यावर आपटून तुटला. दोन वर्षं फोटोत तोंड मिटून उभी राहतेय मी!"

"पण झालेला भाग दाखवला तेव्हा त्या दातालाच तर सगळे किंचाळले! मोठ्या सिनेमातली भुतं थेट पार्लरमधून आल्यासारखी दिसतात."

"आणि तुझं भूत आईच्या चादरीत."

"म्हणून तर ते घरातलं वाटतं. शेवट सुचला की एका दिवसात उरकतो."

"दोन वर्षांत सुचला नाही, गाढवा. माझा नंबर आला, मी चालले."

"थांब! ठरलं, ताई. भूत दंतवैद्याच्या खुर्चीतच मरणार. डॉक्टरांना फक्त सांग, कॅमेऱ्याकडे बघू नका म्हणावं."