कण्यातली जाळी

जयभीम, रामराम, सलाम; ज्याला जे लागू पडतं त्यानं ते घ्यावं. आज माझा आवाज नेहमीसारखा खणखणीत न्हाई. आपल्या निर्मला डॉक्टर गेल्या आणि हे लोक मला म्हणतात, आजी, दोन शब्द बोला. दोन शब्दांत भागलं असतं तर मी आजवर कुणाशी भांडलेच नसते.

बाई जालन्याहून आपल्या टेंभुर्णीला यायच्या. शाळेच्या खोलीत पोरांना वाकायला लावायच्या आणि मागं उभ्या राहून पाठी बघायच्या. माझी नात रमा तेव्हा आठवीत. ती वाकली, तर पाठीची उजवी बाजू सुपासारखी वर आली. बाईंनी तिच्या कण्यावरून बोट फिरवलं.

मी लगेच सांगितलं, "कळशीनं झालं हे. एकाच कमरेवर घेती."

खाली नका बघू बायांनो, तुमचंही हेच मत व्हतं. सगळ्या आळीनं पोरींच्या कळशा डाव्या कमरेवर करायला लावल्या. निम्मं पाणी रस्त्यावर सांडायचं.

बाई हसल्या. "आजी, कळशीचा बिलकुल दोष नाही."

"मंग कशाचा?"

"ते आम्हालाही नीट ठाऊक नाही."

एवढ्या शिकलेल्या, आणि ठाऊक नाही म्हणतात. तिथंच माझा त्यांच्यावर जीव बसला. त्या दुखण्याचं इंग्रजी नाव त्यांनी सांगितलं, ते मात्र माझ्या तोंडात अजून बसलं न्हाई.

मंग जालन्याला त्यांच्या दवाखान्यात गेलो. मला वाटायचं, हाड म्हंजे दगडासारखं भरीव. बाईंनी कॉम्प्युटरवर रमाचा एक मणका आडवा कापून दाखवला. फोटोतच, घाबरू नका. मी बघतच राह्यले. म्हणाले, "अहो, ही तर वाळल्या घोसाळ्याची जाळी."

"बरोबर ओळखलंत. आता दोन्ही बाजू बघा."

कणा जिकडं आत वाकला व्हता, तिकडं जाळी दाट, कड जाड. जिकडं बाहेर फुगला, तिकडं विरळ. बाई म्हणाल्या, "आतल्या बाजूवर भार जास्त पडतो, आजी. हाड तिकडं स्वतःला भरत जातं."

मला सांगा, त्याला हे कोण सांगतं? पोरगी झोपलेली असती, शाळेत असती, माझ्याशी तोंड वाजवत असती. आणि आत ते हाड, भार कुठं पडतोय ते बघून, गुपचूप जाळी विणत असतं. मी धरणं बघितली, रेल्वे बघितली. असलं काम कुठं बघितलं न्हाई. आणि ते माझ्या घरात, माझ्या ताटात जेवणाऱ्या पोरीच्या पाठीत चाललेलं.

बाई म्हणाल्या, "हाड वाढतंय तोवरच ऐकतंय. म्हणून आता ब्रेस घालायचा. वाक वाढत गेला तर ऑपरेशन करावं लागेल."

तो पाठपोट आवळून धरणारा प्लास्टिकचा ब्रेस रमानं घातला. रडली, खाजवलं, मला शिव्या दिल्या, पण घातला. बाई आल्या की मागचे पट्टे आवळायच्या आणि म्हणायच्या, "रमा, श्वास घे. आजी, तुम्ही बोलणं थांबवा."

बाई गेल्याचं कळलं त्या दिवशी तिनं ब्रेस काढून कोठीवर ठेवला. म्हणाली, "आता कोण बघणार हाय?"

मी रागावले न्हाई. दाबून ऐकायला ती काय हाड हाय? एवढंच म्हणाले, "हाड बघतंय. बाई गेल्या, हे त्याला ठाऊक न्हाई."

चार दिवस ब्रेस तिथंच.

आज सकाळी इकडं निघायच्या वेळी ती माझ्याकडं पाठ करून उभी राह्यली. "आजी, पट्टे आवळ. बाई आवळायच्या तेवढे." माझ्या बोटांत बाईंएवढा जोर न्हाई. तरी आवळले. तीच म्हणाली, "अजून."

ती तिकडं मागं भिंतीशी बसली हाय. वळून बघू नका, चिडंल.

बाई मला एकदा म्हणाल्या व्हत्या, "आजी, तुमच्याही कण्याचा फोटो काढू का?" मी म्हणाले, "नको, निम्मा भार माझ्या नवऱ्याचा निघंल." त्या इतक्या हसल्या की खुर्चीला धरून बसल्या. तशाच त्या मला आठवतात.

चला, उठा. बाईंसाठी थोडा वेळ गप उभं राहू. ताठ उभं राहा, असं मी कुणालाच म्हणणार न्हाई. ज्याचा जसा कणा असंल, तसं उभं राहा. आत तो आपापला भार तोलून राह्यला हाय.