हिरूच्या फोटोला हार नाही

सगळ्यांत आधी कोण आलं सांगू? शरदभाऊ नव्हेत. हॉलची किल्ली त्यांच्याकडे, तरी ते नव्हेत. मेरे आली. आमच्या कोपऱ्यावरच्या घरातली मेरे. मी आणि माझी नात ईरा गाडीतून उतरतो तर ही माओरी बाई पायरीवर बसलेली. पायात रबरी चपला, मांडीवर तळलेल्या पावाचा हा एवढा ट्रे. मला म्हणते कशी, "किया ओरा आजी, तुमचे लोक उशिरा येतात." मी म्हटलं, बाई गं, येतात यातच समाधान मान.

तर आलात. सगळे आलात. कुणी हॉस्पिटलची ड्युटी बदलून आलंय, कुणी ऑकलंड शहरातल्या ऑफिसातून थेट आलंय, टायसुद्धा काढलेला नाही. खुर्च्या कमी पडल्या. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. अशा दिवशी बरं वाटलं म्हणू नये, पण वाटलं ते वाटलं.

मंडळी, मला बोलता येत नाही. म्हणजे बोलता फार येतं, ते माझी सून वैशाली तुम्हाला सांगेल. पण असं उभं राहून, हा गार माईक हातात धरून नाही येत. गावच्या शाळेत चार बुकं शिकले, तीही धाकट्या भावाला कडेवर घेऊन. मी मधेमधे थांबेन. ईरा तिकडे मेरेच्या कानात सगळं इंग्रजीत सांगतेय, तिला गाठू द्यायला थांबेन.

आपण अल्माझसाठी जमलोय. तिच्या चर्चच्या लोकांनी तिचं सगळं रीतीप्रमाणे केलं. ही सभा आपली आहे. मनुरेवा भागात आमच्या कुंपणापलीकडे ती राहायची. इथिओपियाची. नवरा तिकडे लढाईत गेला, मग छावण्यांत वर्षं काढून मुलीला घेऊन इथं आली. मुलगी हिरुत. मी तिला हिरू म्हणायची.

ओळख कशी झाली? मी पिठलं करत होते. खिडकी उघडी. कुंपणावरून एक डोकं वर आलं, सगळ्या डोक्याला बारीक बारीक वेण्या, आणि वास घेत म्हणालं, "शिरो?" मला काय कळणार. मी खिडकीतून कढई दाखवली. ती पळत गेली आणि आपल्या आईची कढई घेऊन आली. मंडळी, तेच. बेसनाचं, लाल तिखटाचं, तसंच रटरटणारं. त्यांच्याकडे त्याच्याबरोबर आंबोळीसारखं मोठं आंबट धिरडं खातात. मी इतकी हसले. सात समुद्र ओलांडून आले आणि पिठलं माझ्या आधी येऊन बसलेलं.

मग काय, रोजचंच झालं. मी हिरूच्या डोक्याला तेल लावून द्यायची, ती ईराच्या वेण्या घालायची. ईरा मराठीत बोलत नाही, सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत. हिरू मात्र मराठी उचलायची. "आजी, चहा टाक." असा हुकूम सोडायची दारातून. तिचं ऐकून अल्माझही मला आजी म्हणायला लागली, खरं तर मला धाकट्या बहिणीसारखी ती.

हिरू नर्सिंगचा कोर्स करत होती. वैशालीची पुस्तकं घेऊन जायची. एका हिवाळ्यात सकाळी डबा घेऊन स्टेशनकडे निघाली. आमच्या खिडकीवरून गेली, मी ओटा पुसत होते, तिनं हात केला. मी पण केला, ओल्या फडक्यासकट. ती गाडीत चढली नाही. कॉलेजात पोचली नाही. त्यानंतर तिला खात्रीनं पाहिलंय असं सांगणारं आजवर कुणी पुढे आलेलं नाही.

ईरा, गाठलंस ना? पुढे सांगते.

पोलीस आले. वाईट वागले असं मी म्हणणार नाही. चहा घेतला, बूट बाहेर काढले. पण म्हणाले, या वयाच्या मुली मित्राबरोबर जातात आणि परत येतात. अल्माझनं त्यांना एकच विचारलं, वैशालीनं ते नीट इंग्रजीत सांगितलं, की पळून जाणारी मुलगी दुपारच्या जेवणाचा डबा कशाला नेईल? त्यांनी मान हलवली. पेपरात चार ओळी आल्या, समुद्राच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापतात ना, त्याच्या शेजारी. फोटो नाही.

त्याच हिवाळ्यात उत्तरेकडची एक गोरी मुलगी हरवली. आठवतंय ना? टीव्हीवर रोज तिचा फोटो, घोड्यावर बसलेली, केस उडताहेत. पंतप्रधानांचं बोलणं मागे, ही आधी. समुद्रावर हेलिकॉप्टर फिरत होतं. शेकडो लोक झाडीत शिरून तिला हाका मारत होते. मग ती सापडली, कुठे लांबच्या गावात मैत्रिणीकडे, धडधाकट. मी देवापुढे साखर ठेवली. खोटं नाही सांगत. कुणाचं लेकरू घरी आलं तर आनंदायचं नाही?

अल्माझ माझ्या शेजारी सोफ्यावर बसून ते बघत होती. ती पण हसली, डोळे पुसले. मग मला विचारलं, "आजी, हेलिकॉप्टर मागायला कुठल्या खिडकीवर उभं राहायचं?"

चिडून नाही हो. खरंच विचारत होती. छावणीत प्रत्येक गोष्टीची रांग असते. पाण्याची वेगळी, पिठाची वेगळी. तिला वाटलं, आपण चुकीच्या रांगेत उभे आहोत. मी काय सांगणार होते? की बाई, या देशात त्या खिडकीवर पाटी नाही, कुणाला ती आपोआप उघडते आणि आपल्या काळ्या पोरीला दिसतसुद्धा नाही?

आणि आपण तरी. आज इथं सगळे आपलेच आहेत म्हणून बोलते. पापाटोएटोच्या भाजीच्या दुकानात मला आपल्यातल्याच बायकांनी म्हटलंय, त्या लोकांत असंच असतं आजी, तुम्ही कशाला जीव लावता. नावं घेणार नाही. बघू नका एकमेकींकडे. मी त्या दिवशी भेंडी तशीच टाकून घरी आले. मेरेला सांगितलं तर ती म्हणाली, तिची सख्खी भाची अशीच हरवली, आणि तिच्याबद्दलही लोक हेच म्हणाले होते. शब्द तेच.

आता शरदभाऊंची गोष्ट. भाऊ, मान वर करा. मी रागावणार नाहीये.

हिरू हरवल्याला वर्ष होत आलं तेव्हा भाऊ म्हणाले, आपण मराठी मंडळातर्फे प्रार्थना ठेवू. याच हॉलमध्ये. मनानं चांगला माणूस. त्यांनी हिरूचा फोटो मोठा करून आणला, स्वतःच्या पैशानं. समई लावली. आणि पापाटोएटोच्या दुकानातून शेवंतीचा भरगच्च हार आणून फोटोला घातला. आपल्याला फोटो दिसला की हात हाराकडे जातो. तिथे शंभर माणूस होतं, माझ्यासकट कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. अल्माझ तर हरखली. मुलीसाठी इतकी फुलं! तिच्याकडे असं काही नसतं. ती फुलांना हात लावून सगळ्यांचे आभार मानत होती.

आणि त्याच दिवशी पेपरचा माणूस आला. वर्षभरात पहिल्यांदा. कॅमेरा घेऊन, तरणाबांड पोरगा. त्यानं फोटो काढला आणि अदबीनं विचारलं, की हे हाराचं काय असतं तुमच्यात? आपल्यातल्या कुणीतरी खरं ते सांगितलं. गेलेल्या माणसाला घालतो.

पेपरात फोटो आला. केवढा मोठा. हिरू, हार, समई, आणि खाली लिहिलं, की शेजाऱ्यांनी हिरुतला अखेरचा निरोप दिला.

संपलं. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं काचेवरचं हिरू हरवल्याचं पोस्टर काढलं, तेही घडी घालून, हळहळत, अल्माझला आणून दिलं. बसस्टॉपवर अनोळखी बायका तिचा हात दाबून सॉरी म्हणायला लागल्या. पोलिसांकडे अधूनमधून कुणाचे फोन यायचे, अमक्या ठिकाणी दिसली, तमक्या ठिकाणी दिसली, ते थांबले. गेलेल्या मुलीला कोण शोधतं? अल्माझ माझ्याकडे आली. म्हणाली, सगळे मला सॉरी का म्हणतात? आणि ते मला सांगावं लागलं. माझ्या अर्ध्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी. हाराचा अर्थ हातवाऱ्यांनी कसा सांगतात ते मला विचारू नका.

माझ्या मुलानं, प्रसादनं, पेपरला फोन केला. दुरुस्ती छापू म्हणाले. अजून छापताहेत.

अल्माझनं काय केलं ऐका. हॉलमध्ये आली, फोटोवरचा हार उतरवला, घरी नेला. मला वाटलं, फेकेल. तिनं शेवंतीचं एकेक फूल सुटं केलं आणि बैठकीत जमिनीवर पसरलं. त्यांच्यात कॉफीला पाहुणा बोलावला की खाली हिरवं गवत आणि फुलं पसरतात. मग शरदभाऊंना बोलावलं. भाऊ दारात उभे, पाय आत घ्यायला तयार नाहीत. तिनं हाताला धरून बसवलं. समोर शेगडीवर कॉफीचे दाणे भाजले, धूर हातानं त्यांच्याकडे वळवला, लाह्या दिल्या, अगदी आपल्या लाह्यांसारख्या. त्यांच्यात कॉफीच्या तीन फेऱ्या असतात, तिसरीच्या आधी उठायचं नसतं. भाऊ पहिलीलाच रडायला लागले. तिनं दुसरी ओतली. तिसरी ओतली. एक शब्द दोष दिला नाही. त्या फुलांवर पाय ठेवून भाऊ घरी गेले, आणि मंडळी, त्या दिवसापासून त्यांच्या गाडीच्या काचेवर हिरूचं पोस्टर आहे. उन्हानं उडालं की नवं लावतात. आज त्यांनी एकच हार आणलाय. अल्माझच्या फोटोला. शेजारी हिरूचा फोटो बघा, मोकळा आहे. बरं केलंत भाऊ.

अल्माझ दर आठवड्याला पोलीस स्टेशनला जायची. पांढरी शुभ्र, रंगीत काठाची त्यांची ओढणी घेऊन, लग्नाला निघाल्यासारखी. मी बरोबर, लुगडं आणि खाली ईराचे जुने बूट. काउंटरवरचा पोरगा म्हणायचा, काही बातमी नाही. मग आम्ही दोघी तिथेच बाकावर बसायचो. लगेच उठून का जायचं? त्यांना दिसलो पाहिजे. मी चिवडा न्यायची. पुढेपुढे तो पोरगाच विचारायचा, आज काय आणलंय. चिवडा त्याला आवडायला लागला, बातमी काही आली नाही. घरं देणाऱ्या ऑफिसनं तिला चांगलं, ऊबदार घर देऊ केलं होतं, लांब. ती गेली नाही. म्हणाली, हिरूला हाच पत्ता माहीत आहे. भिंतींना ओल, छातीत कफ, तरी तिथेच. शेवटी ती छातीच नडली.

हॉस्पिटलात मी तिच्या केसांना तेल लावत होते. बोलायची ताकद नव्हती तिला. माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "आजी, आता तू विचार."

तेवढंच.

ते घर आता रिकामं केलं. दुसरी माणसं येतील. मी अजून ओटा पुसायला लागले की खिडकीबाहेर बघते. रोज बघते. कुणी वेण्यावाली मुलगी रस्त्यानं गेली की फडकं हातातच राहतं. मला तिला एकदा चहा टाकून द्यायचाय हो. आई नाही हे तिला मीच सांगीन, दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको. पण ती येऊ दे.

तर मी विचारायला लागले. एकटी गेले पोलिसांत. तो पोरगा म्हणाला, तुम्ही नातेवाईक नाही. मेरेनं ऐकलं आणि दुसऱ्या वेळी माझ्याबरोबर आली. ती काउंटरवर काय बोलली ते बरोबर आलेल्या ईरानं मला समजावून सांगितलं नाही, पण आतून मोठे साहेब बाहेर आले. मेरेनंच टीव्हीवाल्यांना फोन केले, उचलेपर्यंत केले. आणि परवा दोघं आली आमच्याकडे, एक बाई आणि एक कॅमेऱ्याचा माणूस. कॅमेरा गाडीतच ठेवला होता, आधी बोलू म्हणाली. ती बाई फार वेळ बसली. भरतीच्या वेळांशेजारच्या चार ओळी तिला सापडल्या होत्या, हाराचा फोटोही. तिला वाटलं होतं, मुलगी वारली, प्रकरण मिटलं. मी म्हटलं, बाई, आमचा हार चुकला, मुलगी सापडलेली नाही. ईरानं ते सांगितलं. आणि मंडळी, ईरा मधेच थांबून माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "आजी, मी पण बोलू का टीव्हीवर?" मराठीत. हिरूनं शिकवलेल्या वेण्या घालूनच बोलणार आहे म्हणे.

त्या बाईला माणसं हवीत. हिरूला ओळखणारी. जिच्याबरोबर ती कोर्सला होती, जिला ती गाडीत भेटायची, जिनं तिच्या हातचं खाल्लंय. ज्यांनी भाजीच्या दुकानात मला ते बोलून दाखवलं, त्यांनीही यावं. माझ्या बैठकीत पाय ठेवायला जागा राहता कामा नये. चहा मी टाकीन.

आता उभे राहा. अल्माझसाठी दोन मिनिटं शांत राहू या. माझ्या या शेजारणीला माझा नमस्कार. ही शांतता तिच्यापुरतीच हं. हिरूच्या नावानं कुणी गप्प राहायचं नाही, आत्ता मनातसुद्धा तिला हाक मारा.

आणि ती टीव्हीवाली माणसं गुरुवारी परत येतो म्हणालीत, शाळा सुटायच्या सुमाराला.