पहिल्या रिंगला

हा विषय माझ्या घरी कोणी काढू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो.

पोरगी माझी, सोनल, अकरावीला आहे. क्लाससाठी रोज एसटीनं जालन्याला जाती. तिला माझा एकच दम असतो: मी फोन केला की पहिल्या रिंगला उचलायचा. न्हाई उचलला तर मंग घरी आल्यावर बोलणी बसतात.

परवा तिला आणायला अंबडच्या स्टँडवर गेल्तो. गाडी लावून रोडच्या अलीकडं उभा होतो. ती पलीकडून निघाली, तर मला वाटलं, मी कुठं उभा आहे ते सांगावं. लावला फोन. पोरगी भर रोडात थांबली, बॅग पुढं ओढली, फोन काढून कानाला लावला. तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला, तिच्यापासून हातभर अंतरावर.

तो खाली उतरला. "मरायचंय का? कोणाचा फोन होता एवढा जल्दीचा?"

"पप्पांचा," ती म्हणली. "न्हाई उचलला तर लई बोलतात."

मी फोन खिशात घातला आन् पळत गेलो. ड्रायव्हर मलाच म्हणला, "काका, ओळखता का हिच्या बापाला? जरा समजावून सांगा त्याला."

मी म्हणलं, "सांगतो."

सोनल गाडीवर मागं बसली, आम्ही घरी आलो. दारात उतरली आन् हळूच म्हणली, "पप्पा, मंग समजावून सांगितलं का माझ्या पप्पांना?"