जीपला मुशीचं तेल

...नाही, वास येतो त्याबद्दल माझं काही म्हणणंच नाही हो! वासातच जन्मलो आम्ही. चिखल्याला किनाऱ्यावर घर, दारात बोंबील वाळायच्या काठ्या, पाळण्यातून वर बघितलं तर आभाळाच्या आधी बोंबील दिसायचे. तेव्हा नव्याकोऱ्या जीपला मुशी माशाचं तेल चोळलं म्हणून मी रडत बसलेलो नाही. माझं रडणं वेगळं आहे. तेलाचा डबा डहाणूच्या बंदरावरून डोक्यावर घेऊन आला कोण? मी. गाडीखाली उताणा पडून तेल चोळलं कोणी? मी. तोंडात तेल गेलं कोणाच्या? माझ्या. आणि चाकावर कोण? नारूभावोजी!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगा जळतो. जळतोच. त्यात लपवायचं काय?

मोतीरामकाका म्हणजे माझे सख्खे काका, सुक्या मासळीचे व्यापारी. बोंबील, सुकट, जवळा सगळं तलासरीच्या बाजाराला, तिथून पुढे झरीपर्यंत. एसटीच्या टपावर टोपल्या टाकायच्या आणि कंडक्टरच्या शिव्या खायच्या, असा धंदा. तर त्यांनी मला एकदा ओट्यावर बसवून सांगितलं, धाकल्या, आता मी जीप घेणार, तू गाडी शीक, आली की चाक तुझं. चाक तुझं! ह्या ह्या कानांनी ऐकलं मी. मी तेव्हा नववीत. दुसऱ्या दिवशी शाळा सोडली. मास्तर म्हणाले, अरे निदान परीक्षा तरी दे. म्हटलं, परीक्षेला गिअर असतात का?

घोलवडला चिकूच्या ट्रकवर क्लीनर राहिलो. पेट्या चढवल्या, ट्रकखाली झोपलो, गिअर चुकला की ड्रायव्हर पान्याने बोटांवर मारायचा, ही बघा, अजून वाकडी आहेत. पण शिकलो. अठरा पुरी होताच ठाण्याला जाऊन लायसन काढलं. घरी येऊन काकांच्या पाया पडलो आणि गाडीची वाट बघत बसलो.

गाडी आली. पण गाडीच्या आधी आला जावई! आमच्या हंसाताईचं, म्हणजे काकांच्या मुलीचं, लग्न ठरलं, नवरा डहाणूचा, मॅट्रिक पास, नोकरी शोधतोय, डोळ्याला काळा गॉगल. नोकरी शोधायला काळा गॉगल लावल्यावर सापडणार कशी, हे कोणी विचारलं नाही. हेच ते नारूभावोजी. कुठल्याशा दोस्ताच्या टॅक्सीवर चार दिवस हात फिरवलेला. आणि काका मला म्हणतात काय, "चाक जावयबापूंकडे राहू दे, धाकल्या. ते मॅट्रिक आहेत. गाडीत सगळं इंग्रजीत लिहिलंय."

इंग्रजीत! अहो, गाडीत लिहिलंय काय? काटा कुठे हलतो ते. मी इंग्रजी वाचून का क्लच दाबणार होतो? मी म्हटलं, काका, तुम्ही शब्द दिला होता. तर म्हणाले, शब्द दिला तेव्हा जावई नव्हते. आहे का उत्तर? ही आमची मोठी माणसं. ह्यांचा शब्द म्हणजे ओहोटीचा किनारा, तुम्ही चालत आत जाता आणि मागून पाणी येतं.

बरं, गाडी तरी कशी आली... मुंबईहून नवी जीप, गावभर पोरं धावतायत, काकांनी हार आणून ठेवलाय, आणि समोर उभं राहिलं काय, तर एक पत्र्याचा डबा, चार टायर, दोन सीटा. वर छप्पर नाही, बाजूला दारं नाहीत, मागे बसायला काही नाही. काका तिच्याभोवती फिरले, वाकून खाली बघितलं आणि आणणाऱ्या माणसाला विचारलं, "बाकीची गाडी मागून येते का?" तो म्हणाला, शेठ, ही एवढीच असते, पुढचं ज्याचं त्याने करून घ्यायचं.

करून घ्यायचं! हे वाक्य त्याने आमच्या घरात उच्चारायला नको होतं.

आता मला विचारलं असतं ना, तर माझ्या डोक्यात सगळं तयार होतं. ताडपत्रीचं हुड, दोन लोखंडी कमानी, मागे समोरासमोर बाकं, दाराला साधा कॅनव्हासचा पडदा, झालं. घोलवडला चिकूवाल्यांच्या जीपा मी रोज बघत होतो. पण मला कोण विचारतो? मी नववी नापास. नापास नाही हो, सोडलेली, पण घरात नापासच म्हणतात, म्हणायला सोपं पडतं. काकांनी बोलावलं भिकूसुताराला.

भिकूसुतार होड्या बांधतो. खाडीवर अर्ध्या होड्या त्याच्या हातच्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याने जीपभोवती एक फेरी मारली, बिडी पेटवली आणि विचारलं, हिची नाळ कुठली? नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. काकांनी बॉनेट दाखवलं. तो बराच वेळ त्या चपट्या तोंडाकडे बघत राहिला, जसं काही पोरगी बघायला आलाय आणि नाकच नाही. मग म्हणाला, असू दे, करू काहीतरी.

आणि केलं! बाजूंना कमरेएवढ्या सागाच्या फळ्या. दार म्हणाल तर नाही, चढायचं म्हणजे फळीवरून टांग टाकून, होडीत चढतात तसं. मागेही फळी, आडवी, पक्की. छप्पर म्हणून काकांच्या जुन्या होडीचं शीड, चार बांबूंवर दोऱ्यांनी ताणलेलं. आता शिडाचं काम काय? वारा धरणं. आमच्याकडे सकाळी वारा डोंगराकडून येतो आणि दुपारी समुद्राकडून. म्हणजे तलासरीला जाताना तोंडावर आणि येतानाही तोंडावर! नवीकोरी जीप, आणि दोन्ही वेळा आमच्यापुढे सायकली जायच्या. वरून बॉनेटवर काठी आणि काठीला झेंडा, कारण नव्या होडीला असतो. झेंडा बरोबर ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर. मी म्हटलं, रस्ता दिसणार नाही. काका म्हणाले, जावयबापूंनी काही तक्रार केली का?

नाही केली. तो माणूस तक्रार करतच नाही. "मामा म्हणतील तसं." एवढंच म्हणतो. मामा म्हणतील तसं, म्हणून सीटवर हातरुमाल अंथरतो, टांग टाकून आत जातो, गॉगल चढवतो आणि भोंगा वाजवतो. विहिरीवरच्या बायका वळून बघतात. अहो, ती गाडी पहाटे उठून पुसली मी! पाणी, ऑइल, टायरची हवा, सगळं मी! आणि चाकावर कोण? नारूभावोजी! मी कुठे? मागे, सुकटीच्या टोपल्यांवर, सोनीकाकीच्या शेजारी.

सोनीकाकी म्हणजे काकांची बायको. गाडीचा खरा घात केला तो तिने. एक दिवस टोपली उचलताना तिला गाडीच्या तळात भोकं दिसली. तशी असतात, कंपनीच ठेवते, आत पाणी आलं तर निघून जावं म्हणून. पण काकीने अशी हाक मारली की शेजारचे चार जण जाळी टाकून आले. "अहो, तळाला भोकं आहेत!"

आता तुम्ही म्हणाल त्यात काय. तुम्ही कधी होडीत बसला नाहीत. आमच्याकडे तळाला भोक म्हटलं की जेवणारा माणूस ताटावरून उठतो. काका आले, वाकले, भोकात बोट घातलं, बोट खालून बाहेर आलं, आणि चेहरा असा झाला की मला वाटलं आता ह्यांना पाणी पाजावं लागतंय. म्हणाले, फसवलं. मुंबईवाल्यांनी भोकं पाडून माल गळ्यात मारला.

मी सांगितलं, शपथेवर सांगितलं, काका, ती मुद्दाम ठेवलीत, घोलवडच्या गाड्यांनाही आहेत. काका म्हणाले, चिकूवाल्यांना काय कळतं पाण्यातलं? भिकूसुतार म्हणाला, साठ वर्षं झाली मला, भोक ठेवायचं असतं असं सांगणारा पहिला माणूस बघतोय. आणि सगळे हसले. मी भावोजींकडे बघितलं. म्हटलं, तुम्ही मॅट्रिक आहात, सगळं इंग्रजीत वाचलंय, सांगा तुम्ही. गॉगल पुसत म्हणतात कसे, मामा म्हणतील तसं.

मग काय! कापूस ठोकला, राळ ओतली, एकूण एक भोक बंद. फळ्यांच्या फटी बंद. मग वरून मुशीचं तेल, आतून, बाहेरून, खालून, कारण होडीच्या लाकडाला लावतात, मग पत्र्याने काय पाप केलंय? त्या दिवसापासून चिखल्यातली सगळी मांजरं आमच्या दारात राहायला आली. भोंगा वाजवला तरी उठेनात, शेपटी धरून उचलावी लागायची. शेपट्या धरून उचलायचं कोणी? बरोबर. आणि चाकावर कोण?

...हां. तर भाद्रपदातली गोष्ट. पाऊस ओसरलेला, पण झरीच्या वाटेवरच्या नदीला अजून पाणी. बाजाराचा दिवस. भावोजी चाकावर, काका शेजारी, मी आणि काकी मागे. नदीपाशी आलो तर आमच्या समोर एक ट्रक खळाखळा पार झाला. पाणी त्याच्या अर्ध्या चाकाला. काका म्हणाले, चला जावयबापू, ट्रक गेला तर आपण का नाही? मी मागून ओरडलो, ट्रक जड असतो, भावोजी, मला द्या, मी घालतो अंदाजाने. काका मागे न बघता म्हणाले, तू टोपल्या धर.

धरल्या टोपल्या. गाडी पाण्यात उतरली. पाणी चढलं, फळीपर्यंत आलं, साधी जीप असती तर आत शिरलं असतं, पाय भिजले असते, चाकं तळाला धरून निघून गेली असती. पण आमची गाडी! भिकूसुताराच्या हातची! आधी मागचा भाग हळूच उचलला गेला. मग डुलला. काकी माझ्याकडे बघते, मी काकीकडे बघतो, दोघांनाही ते डुलणं ओळखीचं. भावोजी चाक डावीकडे फिरवतायत, गाडी उजवीकडे चाललीय, इंजिन भुर्र करतंय, चाकं पाण्यात गरगर फिरतायत आणि आम्ही सगळे, सुकटीसकट, नदीच्या प्रवाहात, आडवे, समुद्राकडे निघालो!

आणि काका? काका सीटवर उभे राहिले. बांबूला धरून उभे राहिले, वाकून आत बघितलं, तळाला हात लावून बघितला, आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या चेहऱ्यावर असा आनंद मी हंसाताईच्या लग्नातही बघितला नाही. "थेंब नाही! भिकूने काम केलंय, थेंब आत नाही!" मी म्हटलं, काका, आपण वाहून चाललोय. तर म्हणतात, "वाहून नाही रे, तरतोय."

तरतोय! बॉनेटखालचं इंजिन फडफडलं आणि गप्प झालं. शिडात वारा भरला. भावोजींचा गॉगल गेला पाण्यात, आणि तेव्हा कळलं, गॉगलाआड माणूस किती घाबरट डोळ्यांचा होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? बुडलो असतो तरी बरं वाटलं असतं.

बुडालो नाही. खाली वळणावर वाळूचा उंचवटा आहे, तिथे जाऊन रुतलो. काठावर चैत्या म्हणून झरीचा शेतकरी बैलांना पाणी पाजत होता. त्याने शिडाकडे बघितलं, झेंड्याकडे बघितलं, चाकांकडे बघितलं, आणि मग काहीच विचारलं नाही. भला माणूस. बैल सोडून घेऊन आला, दोर बांधला, गाडी वर काढली.

इंजिन काही चालू होईना. गाडी बैलांनी ओढून तलासरीच्या मिस्त्रीकडे न्यायची ठरली. रस्त्यावर आलो तर एसटी दिसली. काका म्हणाले, जावयबापू ओले झालेत, सर्दी होईल, आम्ही एसटीने पुढे होतो. सुकट? सुकट कोरडी ठाक होती हो, आग लागो त्या भिकूला! काकी टोपल्या घेऊन चढली, भावोजी चढले, आणि काकांनी पायरीवर पाय ठेवून मागे वळून गाडीकडे बघितलं. चैत्या म्हणत होता, वळणावर कोणीतरी चाक धरायला पाहिजे.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे बघितलं. कितीतरी दिवस ज्या शब्दांची वाट बघितली, शाळा सोडली, बोटं वाकडी करून घेतली, ते शब्द आले.

"बस धाकल्या चाकावर. इंजिन बंदच आहे, आता काय बिघडणार?"

आणि एसटी गेली.

बसलो! फळीवरून टांग टाकली आणि बसलो. आता विचारा मला, विचारा ना, चाकावर कोण? मी! दोन्ही हात चाकावर, पाय ब्रेकवर, पाठ ताठ. पुढे बैल, बैलांपुढे चैत्या, मागून मी, नव्या जीपचा ड्रायव्हर! वळण आलं की बेताने चाक फिरवायचो, खड्डा आला की हलकेच बगल द्यायचो, घोलवडला शिकलेलं एकूण एक सगळं वापरलं. तलासरीचा बाजार आला, माणसं दुकानांतून उठून बाहेर आली, पोरं मागे लागली. भोंगा दाबला, तो पाण्याने मेलेला. तोंडाने वाजवला. लाज कसली?

तेवढ्यात चैत्याने मागे वळून बघितलं. बराच वेळ तो मला चाकाशी झटापट करताना बघत असावा. अगदी प्रेमाने म्हणाला, "दादा, हात दुखत असतील. सोड ते. बैलांना वाट ठावी हाय."

तुम्हाला सांगतो, मी हसलो, मान हलवली, आणि त्याने पुन्हा पुढे तोंड केल्यावर हळूच दोन्ही हात सोडून बघितले.

गाडी आधीपेक्षा सरळ चालायला लागली.