रेघेचा ओ

ओमुरबेक : ...आणि हा बारावा नकार. वेबपानांवर बर्फ पाडणारा टॅग एक आहे आपल्याकडे, तोच पुष्कळ झाला. आता पानगळीचा नको. पुढचा अर्ज वाच, सांजार.

सांजार : बाइके, तुम्ही थोरले, पण लोकांना पानगळ हवी आहे हो!

ओमुरबेक : लोकांनी खिडकी उघडावी.

सांजार : माझ्या बर्फालाही तुम्ही असंच म्हणाला होतात. नव्या वर्षाला अर्ध्या बिश्केकच्या दुकानांच्या पानांवर माझं बर्फ पडत होतं, ते विसरलात?

ओमुरबेक : नाही विसरलो. अर्ध्या बिश्केकचे फोनही गारठून बंद पडत होते. पुढचा अर्ज.

तोल्कुन : पुढचा माझा आहे, बाइके.

ओमुरबेक : तुझा? दोन वर्षांत कधी काही मागितलं नाहीस. दवाखान्यांची पानं मुकाट्यानं बांधत आलीस. आजच काय झालं?

तोल्कुन : आज तीनला आवृत्ती बंद होते. नंतरची थेट ऑक्टोबरमध्ये, तोवर वरच्या खिंडीत बर्फ साचून कुरणांवरच्या माणसांची वाट बंद झालेली असेल. मला नावाचा टॅग हवाय. लिहून तयार आहे, तपासून तयार आहे. फक्त तुमचा होकार राहिला आहे.

ओमुरबेक : नावाला टॅग कशाला? मजकुराची चौकट आहे, यादी आहे, शोध आहे. आपल्या टॅगसंचाचं नावच केरेगे, तंबूच्या भिंतीची जाळी; त्याचं काम एवढंच, की पान बांधणाऱ्यानं कोनी कंसात 'तारीख' लिहिलं की पानावर तारखेची चौकट उभी राहावी. असे एकतीस शब्द आहेत आपल्याकडे, आणि एकतीसच राहतील. यापूर्वीच्या संचात दोनशे बारा होते. मीच सगळ्यांना हो म्हणत गेलो होतो. शेवटी कुठलीही दोरी सैल करायला हात धजेना; कुणास ठाऊक, कुठल्या गावात कोण अनोळखी माणूस त्या टॅगला पाठ टेकून निजला असेल.

सांजार : झालं. आता दोनशे बाराची कहाणी. मी चहा ओततो.

तोल्कुन : मला नको चहा, सांजार, वेळ बघ! बाइके, ऐका. गेल्या आठवड्यात ओरुक आपा आल्या होत्या, आत-बाशीकडच्या. कुरणावरून खाली उतरून, दोन गाड्या बदलून. रक्ताचा अहवाल न्यायचा होता. खिडकीतल्या मुलीनं माझ्या पानावर त्यांचं नाव शोधलं, आणि पान म्हणालं, अशी व्यक्ती नाही. मुलीनं तेच वाचून दाखवलं. आपा म्हणाल्या, "नाही कशी, लेकी? ही काय उभी आहे."

सांजार : अरेरे!

तोल्कुन : मग तशाच परत गेल्या. अहवाल तिथेच होता, बाइके. आपांनी नाव सांगितलं तसं, आपल्या रेघेच्या ओनं, पोटात आडवी रेघ असलेल्या, मुलीनं लिहिलं. ओळखपत्रात मात्र साधा ओ, रशियन. यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटली.

ओमुरबेक : वाईट झालं. पण ही दुरुस्ती तुझ्या पानावर कर. टॅगसंचात कशाला?

तोल्कुन : केली ना! तशी ओशवाल्यांनीही केली, बातकेनवाल्यांनीही केली. आठ जणांनी आठ तऱ्हांनी. कुणी शेपटीचा न विसरलं, कुणी सरळ दांड्याचा उ. एका दवाखान्यात माणूस सापडतो, शेजारच्यात तोच हरवतो. सोमवारपासून सगळ्या जिल्ह्यांत हे पान सुरू होतंय. हे एकाच जागी ठरायला हवं, आणि ती जागा आपण आहोत.

ओमुरबेक : आज नाव, उद्या पत्ता, परवा सात पिढ्यांची वंशावळ. नाही, तोल्कुन. अक्षर नाही तर नाही. आहे त्यात भागव.

सांजार : एक मिनिट, एक मिनिट! रेघेचा ओ म्हणजे... बाइके, तुमच्या नावातला?

ओमुरबेक : हो. मग?

सांजार : आपली यादी उघडतो. केरेगे बांधणाऱ्या सगळ्यांची नावं, वर्णक्रमानं, आपल्याच टॅगनं लावलेली. हे बघा! रशियन वर्णमालेतल्या शेवटच्या 'या' अक्षरापर्यंत सगळे, आणि त्यांच्याही खाली एकटे तुम्ही! नऊ वर्षं मी पाहुण्यांना सांगत आलोय, "आमचे बाइके इतके विनम्र, की स्वतःचं नाव शेवटी ठेवलंय."

तोल्कुन : विनम्रता कसली! यंत्र आपली तीन अक्षरं रशियन वर्णमाला संपल्यावर मोजतं. ओनंतर लगेच यायला हवं होतं नाव.

ओमुरबेक : मला वाटत होतं, ही तुम्हा पोरांची थट्टा आहे. म्हातारा मागे बसलाय, बसू दे. म्हणून कधी विचारलं नाही.

सांजार : आणि आम्ही तुमचे गोडवे गात होतो!

तोल्कुन : बाइके, ओळखपत्रावर कुठला ओ आहे तुमच्या?

ओमुरबेक : साधा.

(ओमुरबेकच्या हातातली चहाची वाटी ओठांपाशी येऊन थांबली. खिडकीबाहेर आला-तूच्या शिखरांवर दुपारचं ऊन इतकं पांढरं होतं, की त्याला डोळे मिटून घ्यावेसे वाटले.)

सांजार : बाइके? चहा कडू झालाय का?

ओमुरबेक : सोळा वर्षांचा होतो. आई बरोबर आली होती. कारकुनाच्या टंकयंत्रावर ते अक्षरच नव्हतं. आई म्हणाली, रेघ राहिली. तो मान वर न करता म्हणाला, "अक्षर नाही तर नाही. आहे त्यात भागव."

तोल्कुन : मग आईनं काय केलं?

ओमुरबेक : आई घरी आली आणि पेनानं रेघ ओढायला बसली. मी तिच्या हातून ते ओळखपत्र हिसकावलं. म्हटलं, खराब होईल. पस्तीस वर्षांत ते वाक्य एकदाही आठवलं नव्हतं, आणि आज माझ्याच तोंडून निघालं. तेही जसंच्या तसं.

सांजार : पावणेतीन वाजले.

ओमुरबेक : दिसतंय मला. तोल्कुन, नाव बदलत तर नाही ना तुझा टॅग? माणसानं लिहिलं तसंच राहतं?

तोल्कुन : अक्षरालाही हात लावत नाही. फक्त शोधताना दोन्ही ओ एकमेकांना ओळखतात. आणि यादीत प्रत्येकाला त्याची जागा मिळते.

ओमुरबेक : टॅगचं नाव काय ठेवलंस?

तोल्कुन : आत. आपल्या भाषेत नाव म्हणजे आत.

सांजार : आणि घोडा म्हणजेही आत! लोकांना वाटेल, कोनी कंसात घोडा बांधलाय!

ओमुरबेक : बांधू दे. पण एकतीसचे बत्तीस होणार नाहीत. एक येणार, तर एक जाणार. कुठला जाईल?

सांजार : असं माझ्याकडे बघू नका.

तोल्कुन : कुणी बघत नाहीये.

सांजार : दोघंही बघताय! तारीख काढली तर पानं कोसळतील, यादी काढली तर कोसळतील. बर्फ काढलं तर... वितळलं, एवढंच. बरं, काढा. काढा लवकर, माझं मन बदलायच्या आत! एप्रिल आहे, बर्फ जायचेच दिवस आहेत.

ओमुरबेक : शाब्बास, पोरा. अर्ध्या बिश्केकचे फोन तुला दुवा देतील.

तोल्कुन : म्हणजे... हो? बाइके, हो म्हणालात?

ओमुरबेक : तळहात वर करा दोघांनीही. वाटी खाली ठेव, सांजार. हा टॅग कुणाला परत पाठवणारा न ठरो. ज्याला जी हाक मारली, त्या हाकेनं तो सापडो. ओमीन.

तोल्कुन : ओमीन!

सांजार : ओमीन! दोन बावन्न! चढवतेस ना? तुझा टॅग आहे, तूच दाब.

तोल्कुन : दाबलं. चाललंय... चाललंय... जुन्या सगळ्या चाचण्या पार. आली! आवृत्ती आली, बाइके! यादीलाही नवा टॅग लावून टाकते. थांबा, आधी शोधून बघू. तुमचंच नाव घालते, ओळखपत्रातल्यासारखं, साध्या ओनं.

ओमुरबेक : काय आलं?

तोल्कुन : तुम्ही आलात. रेघेसकट.

ओमुरबेक : आणि यादीत?

तोल्कुन : सतरावे.

ओमुरबेक : सतरावा. आणि आई पेनानं ओढायला बसली होती, ती रेघही जागेवर. ओत रे आता तिघांना चहा.